खाल्ल्या मिठाची मैत्री



येत्या ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करणार आहोत. त्यानिमित्ताने मला एक गोष्ट कबूल करायची आहे. गेल्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी शिक्षणासाठी परदेशी निघाली. आशीर्वाद घ्यायला आली तेव्हा मी तिला म्हणालो, "बाळ, अनोळखी माणसांपासून जपून राहा." परवा तिची आई ऑफिसात आली. "फादर, अभ्यास ठीक चाललाय, पण पोरगी कोणाशी बोलत नाही. शेजारच्या बाईंनी दोनदा जेवायला बोलावलं, तरी गेली नाही. फोनवर नुसती रडते."

माझा सल्ला चुकीचा नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा आज सांगतो.

सन १५२९. पॅरिसच्या सँत-बार्ब कॉलेजात तीन परदेशी विद्यार्थी एका खोलीत राहू लागले. नवाराचा फ्रान्सिस झेवियर आणि सावॉयच्या मेंढपाळ घरातला पीटर फेबर, दोघेही २३ वर्षांचे. तिसरे बास्क मुलखातले इग्नेशियस लोयोला. वय ३८च्या आसपास, लढाईतल्या जखमेमुळे लंगडणारे, भिक्षा मागून शिकणारे.

त्यांची मैत्री साध्या कारणाने सुरू झाली. इग्नेशियसना ॲरिस्टॉटलचे धडे समजावून द्यायचे काम फेबरकडे आले. (सेमिनरीत याच ॲरिस्टॉटलने आम्हालाही घाम फोडला होता!) पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मुलापुढे शिष्य होऊन बसण्यात इग्नेशियसना कमीपणा वाटला नाही. पुढे फेबरनेही आपल्या मनातली भीती त्यांच्यापुढे मोकळी केली. झेवियर मात्र बराच काळ त्यांच्यापासून दूरच राहिला. इग्नेशियसनी घाई केली नाही. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी देवाला वचन दिले, त्यात हे तिघेही होते. त्यातूनच येशूसंघ उभा राहिला. १५४२ साली झेवियर गोव्यात उतरले. पुढे दूरच्या मोलुक्का बेटांवर असताना त्यांनी युरोपातील सोबत्यांच्या पत्रांतून त्यांची नावे कापून घेतली आणि ती जवळ बाळगली. एकेकाळी ज्यांना टाळले, त्या इग्नेशियसना त्यांनी भारतातून गुडघे टेकून पत्र लिहिले.

मग जपून राहायचे नाही काय? जरूर राहायचे. ॲरिस्टॉटल सांगतो की, एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आपणही खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतोच. म्हणून पहिल्याच भेटीत पैसे, पासपोर्ट कोणाच्या हाती द्यायचे नाहीत. पण पंगतीलाच बसलो नाही, तर मीठ खाणार कधी? अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांना सोबतचा वाटसरू परकाच वाटला होता. त्यांनी आग्रहाने त्याला मुक्कामाला ठेवून घेतले, आणि भाकर मोडताना प्रभूची ओळख पटली (लूक २४). त्यांनी त्याला वाटेवरच निरोप दिला असता तर?

त्या आईला मी म्हणालो, "मुलीला सांगा, तिसऱ्या आमंत्रणाची वाट पाहू नकोस. तू दिलेली सुकेळी घेऊन तिनेच शेजारणीचे दार वाजवावे. आणि रविवारी तिथल्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर लगेच निघू नये, दोन मिनिटे थांबावे."

बंधू-भगिनींनो, हे सांगताना मला आपल्याच चर्चचा शेवटचा बाक आठवला. तिथे काही बाहेरगावची मुले बसतात. भाड्याच्या खोलीत राहतात, शिकतात, नोकरी करतात. शेवटचा आशीर्वाद झाला की गुपचूप निघून जातात. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? मलाही ठाऊक नाहीत. त्यांच्याही आया कुठेतरी फोनपाशी बसल्या असतील. परक्याला घरात घेतले त्याने मलाच घेतले, असे प्रभू सांगतो (मत्तय २५). आपली लेक परदेशात ज्या दाराची वाट पाहते, तसे एक दार इथे आपल्या हाती आहे.

आज मिस्सा झाल्यावर मी त्या बाकापाशी उभा असेन. तुम्हीही या.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू