भांड्याचा विटाळ

एखादे भांडे शुद्ध आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती शुद्धता त्या भांड्याच्या अंगची असते, की भांडे आणि त्यात साठविलेले द्रव्य यांच्या संबंधातून ती उत्पन्न होते, हा प्रश्न वरकरणी तार्किकांच्या फडातला वाटला, तरी आपल्या धर्मशास्त्रकारांनी तो फार पूर्वीच रोजच्या व्यवहारात आणून बसविला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे जे प्रकरण आहे, ते आजचा सुशिक्षित वाचक सहसा ओलांडून पुढे जातो. आणि त्यात त्याचे फारसे चुकते असेही नाही, कारण शुद्धाशुद्धीची हीच मोजपट्टी माणसांना लावून या देशात शतकानुशतके जो अन्याय चालला, त्याची तरफदारी करण्याची कोणाही विचारी माणसाला इच्छा होणार नाही. परंतु माणसे वगळून केवळ भांड्यांपुरते पाहिले, तर त्या प्रकरणात एक लक्षणीय सावधपणा दिसतो. एकच फर्मान सर्व भांड्यांना लागू नाही. डाग न लागलेल्या सोन्याच्या भांड्याला नुसते पाणी पुरे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांना क्षार, अम्ल आणि पाणी यांपैकी ज्याला जे योग्य ते. मातीच्या भांड्याला पुन्हा भट्टी. आणि मद्यमूत्रादिकांनी विटाळलेल्या मातीच्या भांड्याला पुन्हा भाजूनही शुद्धी नाही.

लोटे-परशुराम किंवा तारापूर येथील एखाद्या रासायनिक कारखान्याच्या खरेदी खात्यातला कारकून 20 लिटरच्या पोलादी बादल्यांची मागणी नोंदवितो, तेव्हा आपण हेच प्रकरण पुढे चालवीत आहोत याची त्याला वार्ताही नसते. त्याला ‘उत्तम’ बादली हवी असते. जाणता विक्रेता मात्र भावाची गोष्ट काढण्यापूर्वी एकच सवाल करतो : माल कोणता भरणार? त्या सवालाचे उत्तर मिळेपर्यंत उत्तम आणि अधम हे दोन्ही शब्द निरर्थक असतात, आणि माझ्या मते तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या सगळ्या व्यवहारातली मोलाची गोष्ट ती हीच.

गंधकाम्लाचे उदाहरण पाहावे. सुमारे 93 टक्क्यांच्या वरचे तीव्र गंधकाम्ल साध्या पोलादी टाकीत वर्षानुवर्षे साठवितात, कारण धातूच्या पृष्ठभागावर लोहाच्या सल्फेटचा एक पापुद्रा धरतो आणि तोच पुढचा क्षय रोखून धरतो. पण त्याच अम्लात पाणी मिसळून ते सौम्य करावे, तो पोलाद झपाट्याने विरघळू लागते. तीव्र ते सोसवते, सौम्य ते सोसवत नाही! हायड्रोक्लोरिक अम्लाची मात्र गोष्टच वेगळी : ते उघड्या पोलादाला भिडले की धातू खाते आणि वर हायड्रोजन सोडते. पाण्यात कालविलेला रंग पोलादाला गंज चढवितो. उलट ज्वालाग्राही द्रावकांत कालविलेल्या रंगाला पोलादच हितकर, कारण ओतताना निर्माण होणारी विद्युत तारेवाटे जमिनीत उतरविण्याची सोय धातूच्या भांड्यात करता येते, साध्या प्लॅस्टिकच्या भांड्यात ती नसते. पोलाद तेच, आणि तरी तेच एका ठिकाणी रक्षक आणि दुसऱ्या ठिकाणी भक्ष्य. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते आणि त्याच पितळेत पाणी खुशाल राहते, हे ज्या घरात ठाऊक होते त्या घरात वस्तूच्या ‘स्वभावा’वर व्याख्यान देण्याची गरज पडत नसे.

वेदान्त्यांनी घटाकाशाचा दृष्टान्त इतका वापरला की घट म्हटला की तो रिकामाच असणार, असा आपल्या मनाचा कल झाला आहे. त्या घटात आकाशाखेरीज काही नसते, आणि तो बहुधा फुटण्यासाठीच मांडलेला असतो. त्यात दाहक सोडा भरला तर काय होईल, हे कोणी विचारले नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायातले पाण्याने न भिजणारे कमलपत्रही असेच सोयीचे आहे : पाण्यापुरता त्याचा अलिप्तपणा खरा, परंतु तेल त्याला चिकटते. मला त्या दृष्टान्ताचा अधिक्षेप करावयाचा नाही. आपण निर्लेप आहोत असे म्हणणाऱ्या साधकाने ‘कशापासून?’ या प्रश्नालाही उत्तर द्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

कारण पोलादाची अलिप्तता ही बहुतांशी लेपाची देणगी असते. आतून इपॉक्सी-फिनॉलिक लॅकरचा पातळ थर भाजून बसवितात तेव्हा पोलाद आणि माल यांची गाठच पडत नाही. मात्र त्या थराला कोठे ओरखडा गेला, की सगळा क्षय त्या एका रेषेवर एकवटतो. धातूच्या लेपांत तर याहून विलक्षण तफावत आहे. कथलाचा मुलामा अखंड असेपर्यंत लोखंड सुखरूप राहते, पण दमट हवेत त्याला ओरखडा गेला की तो मुलामाच लोखंडाचा क्षय वाढविण्यास साह्य करतो. जस्ताचे तसे नाही, ते ओरखड्यानंतरही स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. हे वाचून कोणाही भाविकाचे मन जस्ताकडे झुकेल, माझेही झुकते. परंतु जस्त अम्लातही विरघळते आणि तीव्र क्षारातही, आणि अशा मालात ते विनाकारण मिसळून जाते. तेव्हा आत्मबलिदानाचीही सरसकट शिफारस करता येत नाही. तेथेही प्रश्न पुन्हा तोच : माल कोणता?

धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीने या प्रश्नाचे उत्तर बादलीवरच कोरून घेतले आहे. 1ए1 म्हणजे माथा न निघणारे पोलादी पिंप, 1ए2 म्हणजे माथा निघणारे. लहान बादलीही याच सदरात मोडते. पुढचे एक्स हे अक्षर तिन्ही दर्जांच्या धोक्यांना चालते, वाय दोन सौम्य दर्जांना, झेड केवळ सर्वांत सौम्य दर्जाला. साधारण घनतेच्या मालासाठी त्या त्या नमुन्याला अनुक्रमे 1.8, 1.2 आणि 0.8 मीटरवरून पाडून पाहतात. शुद्धीचा हा दाखलाही निरपेक्ष नाही. तो कशासाठी, किती घनतेपर्यंत, कोणत्या सालचा, हे सर्व त्यात येते. त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे, ते मला विशेष प्रिय आहे : द्रव भरताना वर इतकी जागा मोकळी ठेवावी की 55 अंश सेल्सिअसलाही भांडे काठोकाठ भरणार नाही.

सर्वांत गहन भाग मात्र बादली रिकामी झाल्यावर सुरू होतो. नियम असा की धोकादायक द्रव्य ज्यात होते ते रिकामे भांडे, त्यातला धोका नाहीसा करण्याची तजवीज होईपर्यंत, भरलेलेच समजावे. उरलेली वाफ, सांध्यात बसलेला थेंब, झाकणाच्या रबरात मुरलेला अंश हे डोळ्यांना दिसत नाहीत; परंतु रिकामे समजून कापायला घेतलेले पिंप गॅसच्या ज्वालेने स्फोट पावते, ते या अदृश्य शेषामुळेच. जुनी पिंपे पुन्हा वापरात आणणारे कारखाने दाहक क्षाराने धुतात, अम्लाने गंज काढतात, पाण्याने खंगाळतात, काही पिंपे भट्टीत जाळून घेतात. स्मृतिकारांच्या यादीत याहून फारसे निराळे काही नव्हते. आणि ज्या भांड्याला भट्टीनेही शुद्धी नाही, त्याचाही वर्ग शिल्लक आहेच. कीटकनाशकांच्या बाबतीत 1971 च्या नियमांनी वापरलेली भांडी फोडून वस्तीपासून दूर पुरण्याचा हुकूम दिला आहे. तरीही धडधाकट पोलादी बादली फोडावयास कोणाचा हात धजत नाही. ती भंगाराच्या दुकानी जाते, तेथून एखाद्या झोपडीत, आणि मग तिच्यात पिण्याचे पाणी भरले जाते. ज्या विटाळाला आपण कर्मकांड म्हणून हसतो, तो येथे अक्षरशः पोटात उतरतो, आणि तो ज्याने बादली घेतली त्या गरिबाच्या हातून घडलेला नसून, ज्याने ती पहिल्यांदा खरेदी केली त्याच्या खात्यावरचा असतो. सबब त्या भांड्याला भोक पाडण्याचा, धुण्याचा अथवा पुरण्याचा खर्च मूळ मागणीपत्रकातच, बादलीच्या किमतीखालच्या ओळीत, कारखानदाराने स्वतःच्या नावे लिहिला पाहिजे.