पाचवे कारण

अपघात झाला की घरातले वडील माणूस पहिल्याने जे बोलते, तेच मीही बोललो. "अरे, दैवच म्हणायचे! तुझा काय दोष?" समोर माझा भाचा डोके धरून बसला होता. अमेरिकेच्या उत्तर भागातील एका शहरात, जानेवारीतल्या एका सकाळी, त्याच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना पाडले होते. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. मी गाडीत भाच्याच्या शेजारीच होतो. दैव या शब्दाने त्याचे समाधान झाले नाही; आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

घडले ते अगदी साधे होते. आदल्या दिवशी थोडे ऊन पडले होते. कडेला लोटून ठेवलेले हिम वितळले आणि त्याचे पाणी चौकाच्या उताराला साचले, कारण तिथली गटाराची जाळी तुंबलेली होती. रात्री त्या पाण्याचा बर्फ झाला. हा बर्फ पांढरा नसतो. तो काचेसारखा असतो, खालचे डांबर त्यातून दिसते आणि डोळ्यांना वाटते, रस्ता नुसता ओला आहे. तिकडचे लोक त्याला 'काळा बर्फ' म्हणतात. भाचा काही गाडी पळवीत नव्हता. तांबडा दिवा दिसताच त्याने ब्रेक दाबला. ब्रेक लागला, गाडी थांबली नाही. आवाज न करता ती पुढे सरकत राहिली, आणि ते दोनचार क्षण आम्ही दोघे नुसते पाहत राहिलो.

पोलीस आले. त्यांनी कारणाच्या जागी 'रस्त्यावरील बर्फ' असे लिहून घेतले. भाच्याला दंड झाला नाही.

त्या रात्री मला झोप येईना. पडल्यापडल्या गीतेचा अठरावा अध्याय आठवला. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला तिथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. मला मात्र त्या रात्री त्या शब्दाचा अगदी साधा अर्थ सुचला: ज्याच्या आधाराने उभे राहायचे ते, म्हणजे आमच्या बाबतीत, रस्ता. आणि दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. गीतेने दैवाला नाकारलेले नाही. पण त्याला बसवले आहे पाचव्या पाटावर. आपण मात्र पंगतीत सर्वांआधी त्यालाच वाढतो.

रस्त्याचेच पाहा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. भेगेत शिरलेले पाणी डांबर उचकटते आणि खड्डा पडतो. मीठ टाकले की पाणी शून्याच्या खाली गेल्यावरही चटकन गोठत नाही. पण थंडी उणे १० अंशांच्या खाली गेली की साधे मीठ फारसे कामाला येत नाही, मग वाळू पसरावी लागते. ही विद्या नवी नाही. थंडी दैवाची खरी. परंतु तुंबलेली जाळी दैवाची नव्हती. शेजाऱ्यांनी तिच्याविषयी दूरध्वनीवर कळवलेही होते.

न्यूयॉर्क शहरात फेब्रुवारी १९६९ मध्ये मोठे हिमवादळ झाले. ४२ माणसे दगावली. क्वीन्स भागातले रस्ते कित्येक दिवस गाडलेलेच राहिले. त्या वेळी हिम हटवण्याच्या यंत्रांपैकी जवळजवळ ४० टक्के यंत्रे देखभालीअभावी नादुरुस्त होती. वादळ दैवाने पाठवले. गंजलेली यंत्रे कोणी पाठवली? दहा वर्षांनी, १९७९ च्या हिवाळ्यात, शिकागोचे रस्ते असेच अडले. तिथल्या मतदारांनी आकाशाकडे बोट दाखवले नाही. महापौर मायकल बिलँडिक त्याच फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून पराभूत झाले. हिम कोणी पाडले हे लोकांनी विचारले नाही. फावडे कोणाच्या हाती होते, एवढेच विचारले.

सकाळी मी मोठ्या उत्साहाने हा सारा हिशेब भाच्यापुढे मांडला. म्हटले, "बघ, दोष रस्त्याचा, रस्ता राखणाऱ्यांचा. तू कशाला झुरतोस?"

तो शांतपणे म्हणाला, "मामा, टायर झिजले होते. डिसेंबरातच बदलायचे होते. आज बदलू, उद्या बदलू करीत राहिलो. पोलिसांनी विचारले नाही, म्हणून मीही बोललो नाही."

मी गप्प झालो. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न ऐरणीवर घेतला होता. झिजलेल्या टायरांवर त्या सकाळी त्या शहरात कितीतरी लोक निघाले असतील. त्यांचे आळस भाच्याच्या आळसाहून तिळभरही लहान नव्हते. पण त्यांच्या वाटेत कोणी आले नाही, म्हणून ते घरी जाऊन निवांत चहा प्याले. चूक सारखी, भोग निराळा. हा जो फरक, तेवढाच दैवाचा. चूक मात्र ज्याची त्याची.

आणि माझे काय? त्या सकाळी "चल रे, उशीर होतोय" असे मी दोनदा म्हटले होते. दैवाचे नाव मी एवढ्या घाईने का घेतले, ते मला तेव्हा उमगले. भाच्याचे सांत्वन करता करता मी माझीच सुटका करून घेत होतो.

दोष वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. जबाबदारीचे तसे नाही. एका पणतीवरून दुसरी लावली म्हणून पहिलीची ज्योत अर्धी होत नाही. नगरपालिकेची जबाबदारी पुरी, भाच्याची पुरी आणि माझीही पुरी. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, म्हणून कोणाचीच घटत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पावसाळ्यात खड्ड्यात दुचाकी घसरून कोणी गेला की आपण "त्याची वेळ भरली होती" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच खड्डा चुकवून कामावर जातो.

भाचा दर रविवारी त्या गृहस्थांकडे जाऊ लागला. टायरांची गोष्टही त्याने त्यांना आपण होऊन सांगितली. ते काय म्हणाले, हे मी विचारले नाही. सांगावे असे त्यालाही वाटले नाही. मी परत निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा ऊन पडून गेले होते. भाचा हातात फावडे घेऊन चौकात गेला आणि जाळीवरचा गाळ खरवडू लागला. मीही बादली घेऊन त्याच्या मागे गेलो. त्या रात्री थंडी पडायची तेवढी पडलीच. ते दैवाचे काम. चौकात मात्र पाणी साचले नव्हते.