भेवाचं दार

माणसाला भेव घालून पैसे घेणं, ही कष्टाची कमाई म्हणायची का फसवणुकीची? ज्यानं ते काम केलं नाही त्याला उत्तर लगेच सुचतं. मी दोन हंगाम केलं आहे, म्हून मला जरा थांबावं लागतं.

साल 1985-86. हदगाव तालुक्यात आमचं चार एकर कोरडवाहू वावर. कापूस वेचून झाला की हाताला काम नसे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे तंबू, आणि त्या वर्षी एका कोपऱ्यात पत्र्याचा भूतबंगला. मी उंच आन् हाडकुळा. मालकानं एकदा वरून खाली पाहिलं आणि भूत म्हणून ठेवून घेतलं. दिवसाला दहा रुपये, दोन वेळा पिठलं-भाकर. तिकीट एक रुपया. पुढं महाशिवरात्रीला तोच बंगला औंढा नागनाथला गेला, तिथंही भूत मीच.

सामान काय, तोंडाला सफेदा, डोळ्याभोवती काजळ, डोक्याला अंबाडीच्या वाखाचे केस. आत काळ्या कापडाची वाकडीतिकडी बोळ, लाल कागद गुंडाळलेला बल्ब, ओढायला एक साखळी. माझ्याआधी एक म्हातारं भूत होतं. त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं, "पुढच्याला भेव घालू नको. तो मागं फिरतो, बोळ तुंबते, लेकरं चेंगरतात. मागच्याला घाल. मंग सगळे आपसूक दाराकडं पळतात. भेव दाराकडं नेणारं पाहिजे, बाबा."

तो हे धंद्याचं म्हणून सांगत होता. मला त्यात धर्माचं काही सापडायला बरीच वर्षं गेली.

बोळीतून किंचाळत गेलेली माणसं बाहेर पडली की खळखळून हसत. काही पुन्हा तिकीट काढत. मला नवल वाटे. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला, खडी फोडली, ज्यांच्या उशाला सावकाराचा कागद, त्यांना भेवाची काय कमी? पण आपल्या रोजच्या भेवाला दार नसतं. पाऊस येईल का, लेकराचा ताप उतरंल का, हे भेव कुठं सुरू होतं आन् कुठं संपतं ते कळत नाही. इथं एक रुपयात असं भेव मिळतं की जे पन्नास पावलांत संपतं, आणि माणूस म्हणतो, निघालो बुवा बाहेर. त्या रुपयाची मला कधी लाज वाटली नाही.

आमच्याकडं बहुरूपी येत. खाकी घालून, दंडुका आपटून, "चला, तुमच्यावर वारंट हाय" म्हणत. घरचा म्हातारा थरथरला की लगेच हसून सोंग उघडं करत आणि पायलीभर ज्वारी मागत. सोंग उघडं केल्याशिवाय बहुरूपी पुढच्या घरी जात नसे. भेव चढवायचं तर उतरवायचंही आपणच, हा त्याचा रिवाज.

माळेगावातच एक बाप चार वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन आत आला. मी साखळी ओढली. बाप हसला, पोर मात्र रडायचंही विसरलं. त्याचा श्वास अडकला. तिकीट बापानं काढलं होतं, पोरानं नाही. मी डोक्यावरचा वाख काढला आणि म्हणालो, "हे बघ, मामा हाय मी. धर, ओढ हे केस." त्यानं ओढले, मग मोकळं रडलं. मालकानं अर्धा रोज कापला. म्हणाला, "भूत हसलं की धंदा बसला." त्याच्या हिशोबानं त्याचं बरोबर असंल. मला अर्धा रोज स्वस्त वाटला.

गावी आलो तशी बातमी पसरली. एका मोठ्या बागायतदारानं बोलावलं. त्याच्या बांधाला लागून एका विधवा बाईचं तीन एकर वावर, वावरात विहीर. बाई एकटीच आखाड्यावर झोपे. तो म्हणाला, "अवसेच्या रातीला दोन-तीन खेपा जाय. काही करू नको, नुसता उभा ऱ्हाय. दोन पोते ज्वारी देतो." दोन पोते म्हणजे आमचं चार महिन्यांचं खाणं. सफेदा तोच, वाख तोच, मीही तोच. पण त्या बाईनं तिकीट काढलेलं नव्हतं, आणि त्या भेवाला एकच दार होतं: वावर सोडून जाणं.

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं, दुसरं भूत मिळालंच असतं. म्हणून भर दुपारी पिशवी घेऊन तिच्याकडं गेलो. तिच्यासमोर तोंड रंगवलं, केस चढवले. "मावशे, राती असं काही दिसलं तर ते एवढंच असते." तिनं वाख हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे तं माह्या वावरातल्याच अंबाडीवानी हाय." आणि हसली. ते वावर आज तिचा नातू करतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन चमत्कारामागची हातचलाखी उघडी करून दाखवत, तेव्हा मला ती दुपार आठवे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत बोलावतो अशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. सोंग उघडं न करणाऱ्या भुतासाठीच तो कायदा आहे, असं मी समजतो.

पण आता भेव घालणारा समोर उभाच राहत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं लोकांनी ठेचून मारली. भिक्षा मागत हिंडणारी गरीब माणसं. मोबाईलवरून अफवा फिरत होती की पोरं पळवणारी टोळी आली. ती पहिल्यांदा कोणी सोडली, त्याला कोणी पाहिलं? केस ओढून बघावं तर डोकंच नाही. हजारो लोक त्या बोळीत शिरले आणि दार कुठंच नव्हतं. मग ते समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडले.

म्हणून माझं उत्तर असं. भेव घालणं हे पाप नाही. पण घालणाऱ्यानं तिथंच थांबावं, तोंड दाखवावं, आणि माणूस बाहेर पडेपर्यंत दार उघडं धरावं. एवढं ज्याला जमत नाही, त्यानं त्या धंद्यात पडू नये. मग तो जत्रेतला असो, गादीवरचा असो, नाहीतर मोबाईलमधला.