परत गेलेल्यांची चौकशी

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा बाप दर साल ऊसतोडीला गुजरातेत जायचा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक यायचा आणि बारडोलीकडच्या शेतांत कोयता सुरू व्हायचा. शाळेची पायरी त्यानं चढली नव्हती, पण पडाव, म्हणजे तोडकऱ्यांचा राहायचा तळ, पारखण्यात त्याचा हात धरणारा पाड्यावर कोणी नव्हता. उचल किती मिळणार, हे सगळेच विचारत. हा मात्र मुकादमाला टाळून आधीच्या साली तिथं राहिलेल्या माणसाला गाठायचा आणि एकच गोष्ट विचारायचा: हंगाम अर्धा टाकून कोण परत आलं, आणि कशामुळं? कोणी सांगायचं, पाणी फार लांबून आणावं लागतं. कोणी सांगायचं, रात्री पोर तापानं फणफणलं आणि दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही. तेवढ्यावर तो पडाव ठरवायचा.

त्याची मुलगी तळोद्याला वसतिगृहात राहून बारावी सायन्स करत होती. अक्राणीत, म्हणजे याच धडगाव भागात, उन्हाळ्यात घरोघर कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात. मध्येच वळवाची एखादी सर आली, की पांढऱ्या फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. फोडी काळ्या का पडतात, याचं उत्तर तिनं रसायनशास्त्राच्या पुस्तकात शोधलं होतं. तेव्हापासून फूड टेक्नॉलॉजी शिकायचं तिच्या मनानं घेतलं. जळगावच्या विद्यापीठात ती शाखा आहे, एवढं सरांकडून कळलं होतं. बाप म्हणाला, “मग आधी जागा बघून येऊ. तोडीला जायच्या आत.”

भाद्रपदात दोघं निघाले. चांदसैलीचा घाट, तळोदा, नंदुरबार, आणि तिथून सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी. दोंडाईचा गेलं, अमळनेर गेलं. धरणगाव मागं पडल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, तिथं तू जास्त बोलू नको हं. मी बोलेन.” बापानं मान हलवली. या वयाच्या मुलांना आईबापांच्या बोलण्याची लाज वाटते. त्यात प्रेम कमी असतं असं नाही, स्वतःविषयीची धास्ती जास्त असते. पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेल्या मुलीला तर ती वाटणारच.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ बांभोरीला आहे. जळगावात उतरून गिरणेच्या पुलावरून उलट यावं लागतं. 15 ऑगस्ट 1990 ला ते सुरू झालं. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि लहानसहान कामालाही पुणं गाठावं लागे. नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला, म्हणजे हे विद्यापीठ मुलीच्या जिल्ह्याहून आठ वर्षांनी मोठं. बहिणाबाईंचं नाव त्याला मिळालं 2018 साली. सुमारे 650 एकरांचा परिसर, चढउताराचे रस्ते, झाडी, एकमेकींपासून लांब लांब उभ्या असलेल्या इमारती. फाटकातून आत आल्यावर मुलीचा चालण्याचा वेगच कमी झाला. तिनं मुख्य इमारतीसमोर फोटो काढून घेतला. एका विभागात नोकऱ्या लागलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो ओळीनं लावलेले होते. ते ती बराच वेळ बघत राहिली. नंतर माहितीपत्रक मागितलं, मिळालं, घडी घालून पिशवीत ठेवलं. तिच्या दृष्टीनं बघणं संपलं होतं.

बाप मात्र रखवालदाराकडे गेला. “कोणाला भेटायचंय?” रखवालदारानं विचारलं. “धडगाव, मोलगीकडचं कोणीही पोरगं शिकत असेल, त्याला.” मुलगी संकोचून बाजूला उभी राहिली. रखवालदार भला माणूस होता. त्यानं दोन-चार जणांना विचारलं, आणि थोड्या वेळानं मोलगीकडची एक मुलगी आली. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बापानं आपल्या बोलीत ओळख सांगितली तशी ती मोकळी झाली. तिघं झाडाखाली बसले आणि बापानं आपला नेहमीचा प्रश्न टाकला: “ताई, आपल्याकडची किती जणं जळगावला शिकायला येऊन परत गेली, आणि कशामुळं?”

ती गप्प झाली. असं कोणी विचारत नाही. यशस्वी मुलांचे फोटो भिंतीवर लागतात, आणि ते लागायलाच हवेत. अर्धवट सोडून गेलेल्याचं नाव मात्र कोणी घेत नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलासमोर दोन्ही वाटा उघड्या असतात, आणि त्यांतली एक त्याला कोणी दाखवलेलीच नसते.

मग ती सांगू लागली. तिच्या ओळखीचा एक मुलगा हुशार होता, सीईटीत चांगले गुण होते. पण जात वैधता प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही. जातीचा दाखला तर होता! घरच्यांना वाटलं, तेवढ्यानं भागेल. दाखला वेगळा आणि त्याची पडताळणी वेगळी. 2000 च्या कायद्यानं ही पडताळणी सक्तीची झाली. आपल्यासाठी समिती नंदुरबारलाच आहे, पण अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा लागतो, सोबत वंशावळ आणि शपथपत्र लागतं, आणि अनुसूचित जमातीसाठी पुरावा 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा बघतात.

“एवढा जुना कागद?” मुलीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली. आजोबांचा शाळेचा दाखला आणू कुठून?”

“म्हणून तर विचारतात, बापाकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळाली आहे का. असेल तर मोठा आधार होतो. नसेल तर जमिनीचे जुने उतारे शोधायचे. त्याला महिने जातात.”

बापानं विचार केला. त्याचा चुलतभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. नोकरीच्या वेळी त्यानं असले कागद गोळा केल्याचं त्याला आठवत होतं. “घरी पोचलो की आधी त्याच्याकडे,” तो म्हणाला. मुलीनं माहितीपत्रक बाहेर काढलं आणि त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.

बाकीची कारणं मोलगीची ताई भराभर सांगत गेली. एकाला वसतिगृह मिळालं नाही. अशा मुलांसाठी सरकारची स्वयम् योजना आहे, जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे खात्यात येतात, पण ते येईपर्यंत खोलीभाडं थांबत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय हातात ठेवूनच यायचं. एक मुलगी इंग्रजीतले तास कळेनात म्हणून वर्गात मागं बसायला लागली, आणि मग वर्गातच येईनाशी झाली. “मलाही पहिलं सत्र काही कळत नव्हतं,” ताई म्हणाली, “पण मी सरांना जाऊन सांगितलं. तिनं सांगितलं नाही. एवढाच फरक.”

“आणि चौथं?” बापानं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यानं ओळखलं होतं की अजून काही राहिलंय.

“होळी,” ती म्हणाली. “आपल्याकडची पोरं भोंगऱ्याच्या बाजाराला घरी जातात. ढोल वाजायला लागला की तिथंच रमतात. आठ दिवसांचे पंधरा होतात. हजेरी तुटते, प्रात्यक्षिकं बुडतात, मग परत यायची लाज वाटते. दोघं तशीच राहिली.”

परतीच्या गाडीत मुलीनं तो कागद बापाला वाचून दाखवला. वैधतेपुढं तिनं काकाचं नाव आणि तळोद्याच्या कॉलेजातल्या क्लार्कला भेटायची तारीख घातली होती. खोलीभाड्यासाठी आमचुराचे पैसे बाजूला ठेवायचे, असं तिचं तीच ठरवून मोकळी झाली. इंग्रजीपुढं ताईचा फोन नंबर होता. होळीपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.

“होळीला जायचंच नाही, असं लिहू?” तिनं विचारलं.

“होळीला नाही आलीस तर आई मला घरात घेणार नाही,” बाप म्हणाला. “ये तू. मीही तोडीवरून येतोच. होळी झाली की तिसऱ्या दिवशी आपण दोघं निघू. आधी तुला जळगावला सोडीन, मग पडावावर जाईन.”

“तुझे दिवस बुडतील. मुकादम बोलेल.”

“बोलू दे. लिही, तिसरा दिवस.”