मंडळीतून मंडळी

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६, १३:१-३, १४:२१-२८



नवी मंडळी म्हटली की आपल्या मनात प्रथम जागेचा, इमारतीचा व पाळकांच्या पगाराचा हिशेब सुरू होतो. तो जमत नाही आणि विषय पुढच्या वार्षिक सभेवर जातो. म्हणून आज आपण अंत्युखियाच्या मंडळीकडे पाहू.

ती मंडळी कोणी स्थापिली? स्तेफनाच्या वेळच्या छळामुळे पांगलेल्या कुप्र व कुरेने येथील काही विश्वासणाऱ्यांनी. त्यांची नावेही शास्त्रात नाहीत. पुढे यरुशलेमेच्या मंडळीने बर्णबाला तेथे पाठविले. काम पाहून त्याला आनंद झाला. पण त्याने ते एकट्याच्या हाती ठेवले नाही. तार्सास जाऊन त्याने शौलाला शोधून आणिले आणि दोघांनी मिळून वर्षभर शिक्षण दिले.

तेराव्या अध्यायात त्या मंडळीचे पाच पुढारी दिसतात : बर्णबा, शिमोन, कुरेनेकर लूक्य, मनाएन व शौल. मनाएन हेरोदाबरोबर वाढलेला, तर लूक्य दूर आफ्रिकेतला. असे भिन्न कुळांचे लोक एकत्र उपास व प्रार्थना करीत असता पवित्र आत्म्याने दोघांना मागितले. तेही बर्णबा आणि शौल यांना! मंडळीने त्यांच्यावर हात ठेवून त्यांची रवानगी केली.

येथेच आपली परीक्षा आहे. आमच्या मंडळीतील काही कुटुंबे गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहावयास गेली. तेथे एका घरी त्यांनी शब्बाथशाळा सुरू केली व आमच्याकडे एक शिक्षक मागितला. "ते गेले तर इकडचे वर्ग कोण घेणार?" असे म्हणून आम्ही नकार दिला. दोन वर्षांत तो वर्ग बंद पडला. त्या वेळी आमच्याकडे एकेका वर्गाला दोन-दोन शिक्षक होते. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. बंधूंनो, आपल्या मंडळीत असे घडू देऊ नका.

पुढे काय झाले तेही पाहा. लुस्त्रात पौलाला दगडमार झाला होता. तरी तो व बर्णबा तेथे परत गेले. त्यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले आणि उपास व प्रार्थना करून त्यांना प्रभूच्या स्वाधीन केले. हे वडील विश्वासात नवे, पण त्याच गावचे होते. मग दोघांनी अंत्युखियास येऊन मंडळीला सर्व वृत्तांत सांगितला. जिने पाठविले तिलाच त्यांनी हिशेब दिला.

आपल्या मराठी मंडळ्यांतही हेच दिसते. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले. पण त्याच गावी १८३१ मध्ये जन्मलेल्या व १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या लेखणीने सुवार्ता मराठी घरांत पोहोचली. रेव्ह. ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूचे शिष्य मिशनच्या आश्रयावाचून येथल्या मातीत एकत्र यावेत, ही त्यांची तळमळ होती.

तर आपण काय करावे? आपले सभासद कोठकोठे राहावयास गेले आहेत, याची यादी पंचांनी करावी. एका ठिकाणी तीन-चार कुटुंबे असतील तर तेथील एखाद्या घरी प्रार्थनासभा ठेवावी. प्रिस्का व अक्विला यांच्या घरीही मंडळी जमत असे. एकट्याला न पाठविता दोघा-तिघांना पाठवावे, त्यांत भगिनीही असाव्यात. अर्पणाचा हिशेब, उपासनेची व्यवस्था व निर्णय हळूहळू तेथल्याच वडिलांकडे सोपवावे. मातृमंडळीने भेटीस जावे, हुकूम चालविण्यास नव्हे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, कदाचित प्रभू तुम्हांलाच मागत असेल. आणि पंचांनो, त्याने मागितले तर "आमचे कसे होईल?" असे म्हणून हात आखडू नका. आपले उत्तम ते देण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.