तान्ह्याचा नकार

जन्मलेले मूल कोणी न शिकवता स्तनाकडे तोंड वळवते. न्यायदर्शनाने या एवढ्याशा हालचालीवर आत्म्याच्या नित्यत्वाचा युक्तिवाद उभा केला. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातला मुद्दा असा: आहाराचा संस्कार असल्याशिवाय दुधाची इच्छा होत नाही, या जन्मी तो झालेला नाही, म्हणून तो मागच्या जन्मीचा. लोखंडही चुंबकाकडे जाते, त्याला कुठला पूर्वजन्म, हा आक्षेप तिथेच नोंदवला आहे. त्यावर भाष्यातले उत्तर असे, की मातीचे ढेकूळ काही चुंबकाकडे जात नाही. म्हणजे लोखंडाच्या ओढीलाही ठरलेले कारण आहे.

ओढीला कारण असेल तर नकारालाही असले पाहिजे. सूत्रकार तिकडे वळत नाहीत, कथा वळतात. महाभारतात पिठाचे पाणी प्यायलेली दोन मुले आहेत. द्रोणाच्या दारिद्र्यात अश्वत्थामा ते दूध समजून पितो आणि आनंदाने नाचतो. उपमन्यूने मात्र एकदा खरे दूध चाखलेले असते. आईने दिलेले ते पांढरे पाणी दूध नव्हे, हे तो लगेच ओळखतो. घरात दूध नाही, हे आई मग उघड सांगते आणि त्याला शिवाची वाट दाखवते. शिव त्याला क्षीरसागरच देतो. कथा आईला कैदाशीण ठरवत नाही की मुलाला हट्टी. तिचा रोख एवढाच, की खरे दूध चाखलेली भूक फसवता येत नाही.

मग आईच्या दुधाऐवजी दुसरे काही देणे ही फसवणूकच का? तमिळनाडूत कुंभकोणमपासून सुमारे 20 किलोमीटरवरच्या तिरुक्करुगावूरचे स्थळपुराण याला स्पष्ट नकार देते. निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गरोदरपणी थकून पडली होती. दारी आलेल्या ऊर्ध्वपाद ऋषीला भिक्षा वाढता आली नाही आणि त्याच्या शापाने गर्भ झिजू लागला. देवीने तो दिव्य कुंभात वाढवला, म्हणून ती गर्भरक्षांबिका. बाळ झाले, पण दुधाचा प्रश्न उरलाच. तेव्हा कामधेनूने खुराने जमीन उकरली आणि दूध भरून आले. देवळासमोरचे क्षीरकुंड ते हेच, असे सांगतात. पोट दुसरे, दूधही दुसरे, तरी वेदिकेच्या आईपणाला बट्टा लागत नाही. शिर्काळीच्या कथेत तर रडणाऱ्या बालसंत ज्ञानसंबंधराला उमा सोन्याच्या वाटीतून दूध देते आणि परक्याचे दूध प्यायला म्हणून बाप छडी उगारतो. परंपरेने बाजू घेतली ती मुलाची.

न्यायाचा तर्क आजच्या निरीक्षणांपुढे अर्धा टिकतो. संस्कार असतो, पण तो गर्भातल्या नऊ महिन्यांचा: आईच्या आहाराचा स्वाद गर्भजलात आणि पुढे दुधात उतरतो, आणि नवजाताला आईच्या दुधाचा वास ओळखता येतो. प्रथिने तोडून केलेली बाळांच्या दुधाची कडवट पावडर पहिल्या काही महिन्यांत मुले सहज घेतात, पुढे ती पहिल्यांदाच दिली तर थुंकून टाकतात. नकार कधी चवीचा असतो, कधी बाटलीच्या बोंडाचा, कधी सर्दीने चोंदलेल्या नाकाचा.

म्हणून उपायही कारण पाहून ठरतो. आईचे दूध थोडेसे असले तरी काढून द्यावे. पावडरचे दूध वेगळ्या वेळी, किंचित कोमट, पेंगुळलेल्या मुलाला, आईऐवजी दुसऱ्या कोणी पाजून पाहावे. जबरदस्तीने नकार पक्का होतो. पावडर पुरवायला जास्त पाणी घालणे हे आजचे पिठाचे पाणी. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. वर्षाच्या आत मध नको, आणि मुख्य आहार म्हणून गाईचे दूधही नको, कामधेनूची कथा कितीही गोड असली तरी. सहा महिन्यांनंतर वरणभात, नाचणी यांची जोड मिळते. दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, मूल मलूल असेल किंवा वजन वाढत नसेल, तर नवस पुढे बोलता येतो; डॉक्टर त्याच दिवशी गाठावा.

बाटली नाकारणाऱ्यासाठी तमिळ घरांत पालडै असते, चोच असलेली छोटी वाटी. मराठी घरात तेच बोंडले. नवजात शिशु विभागांतही अशक्त मुलांना अशा वाटीने दूध पाजतात. मूल घोट घेईल तेवढेच द्यायचे, नरड्यात ओतायचे नाही, आणि दर वेळी ती उकळून घ्यायची.