वकिलाची फी आणि अशिलाचा धर्म

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्या मंडळींचा स्वर नकळत चढतो, आणि स्वर चढला की विवेक मागे पडतो. गोमंतकातील देवस्थानांशी ज्यांचे कूळ बांधलेले आहे, त्यांच्या बाबतीत हा दोष क्षम्यच म्हणावा लागेल. कुशस्थळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळास का आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास का आली, हे त्यांनी ग्रंथांतून वाचण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. पोरकी हिंदू मुले पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचे १५५९ चे फर्मान, १५६० साली बसलेले आणि मधली थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत चाललेले धर्मन्यायालय, ही सारी हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहता त्या प्रकारात विचार करण्याजोगे फारसे काही उरत नाही. जेथे एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात तीर्थपात्र आहे, तेथे निवाडा करायला न्यायाधीशाची गरज नाही.

कठीण प्रश्न निराळाच आहे. हातात शस्त्र नाही, पाठीशी फर्मान नाही. आहे ती केवळ मदत. आणि ती मदत खरी आहे. अशा मदतीमागून जे धर्मांतर येते त्याला काय म्हणावे?

आपल्या कायद्याने या बाबतीत तीन शब्द पक्के केले आहेत: बळ, प्रलोभन आणि फसवणूक. १९६७ चा ओरिसाचा आणि १९६८ चा मध्य प्रदेशचा, असे दोन्ही कायदे याच तीन शब्दांवर उभे होते. आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात ते वैध ठरवले. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा, पसरवण्याचा अधिकार दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नव्हे, असा तो निर्णय. या कायद्यांची वैचारिक पार्श्वभूमी तयार झाली ती नागपुरात. तेथील उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ साली नेमलेल्या समितीने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी केली आणि १९५६ साली आपला अहवाल दिला. पण कायद्याचा शब्द सुईच्या टोकासारखा असतो. तो एका बिंदूवर टोचतो, भोवतालचे कापड त्याला दिसत नाही. ‘प्रलोभन’ या शब्दाभोवतीचे कापड पाहायचे असेल तर छोटा नागपूरला गेले पाहिजे. मिशनच्या कार्याने एखाद्या प्रदेशाचे सारे जीवनच पालटून टाकल्याचे इतके मोठे उदाहरण मध्य भारतात दुसरे क्वचितच सापडेल. शिवाय ते उदाहरण कोर्टकचेऱ्यांशी इतके निगडित आहे की वकिली करणाऱ्या माणसाला ते टाळून पुढे जाता येत नाही.

मुंडा लोकांची जमीन ज्या पद्धतीने होती तिला खुंटकट्टी म्हणतात. ज्या वंशाच्या पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसवला, त्या वंशाचा त्या गावावर सामाईक हक्क. गोव्यातल्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या गावकरीची ती लांबची बहीणच आहे. या हक्काला कागद नव्हता. पूर्वजांच्या थडग्यांवरच्या शिळा हाच त्याचा दस्तऐवज. बाहेरून आलेले जागीरदार, ठेकेदार आणि सावकार यांच्याजवळ मात्र कागद होता, आणि इंग्रजी कचेरीला कागदच वाचता येत होता. हळूहळू गावचा मालक कूळ झाला, कुळाकडून खंड घेतला जाऊ लागला, खंडाच्या वर वेठबिगार आली. १८३१-३२ चे कोलांचे बंड याच असंतोषातून पेटले. या बाहेरच्या माणसाला मुंडा ‘दिकू’ म्हणत. तो दिकू कोणत्या धर्माचा होता, याचे उत्तर आपण सहसा मोठ्याने देत नाही. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. आणि हिंदूंचा भाग लहान नव्हता.

बर्लिनच्या गॉस्नर यांनी पाठवलेले चार मिशनरी १८४५ साली रांचीस पोहोचले. पुढची साडेचार वर्षे त्यांना एकही अनुयायी मिळाला नाही. पहिला बाप्तिस्मा १८५० च्या जूनमध्ये, चार उरांवांचा. म्हणजे नुसता उपदेश होता तोवर लोक ऐकून घेत होते आणि घरी जात होते. पुढे मिशनच्या आश्रयाला गेलेला माणूस जमीनदाराला दबत नाही, त्याचे म्हणणे साहेबाच्या कानी जाते, हे जसजसे दिसू लागले तसतसा ओघ वाढला. तो महापूर झाला कॅथलिक फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांच्या काळात. बेल्जममधील एका खेड्यात १८५६ साली जन्मलेला हा जेझुइट १८८५ साली छोटा नागपुरात आला आणि तोरपा येथे राहू लागला. त्याने त्या प्रांताचा कुळकायदा अभ्यासला. कायद्याने किती खंड द्यावा लागतो आणि कोणती बिगार मुळीच द्यावी लागत नाही, हे त्याने लोकांना समजावून सांगितले. देणे असेल ते द्या आणि पावती घ्या, नसेल ते देऊ नका, असे शिकवले. त्यांचे दावे चालवण्याची व्यवस्था केली. दावे जिंकले जाऊ लागले, आणि गावेच्या गावे त्याच्याकडे नाव नोंदवू लागली. काही वर्षांत हजारोंनी माणसे ख्रिस्ती झाली. लिव्हन्सला क्षय जडला, १८९२ साली त्याला छोटा नागपूर सोडावे लागले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो स्वदेशी मरण पावला. या माणसाने स्वतःसाठी काही मिळवले नाही, हे त्याच्या कडव्या विरोधकालाही मान्य करावे लागेल.

तरीही व्यवसायबंधू या नात्याने मला त्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो. फी काय घेतलीत?

आमच्या व्यवसायात एक जुना दंडक आहे. वकिलाने अशिलाकडून मेहनताना घ्यावा. पण ज्या वस्तूविषयी तंटा आहे तिच्यात वाटा मागू नये, आणि निकालावर आपली फी टांगू नये. कारण एवढेच की अडचणीतला अशील त्या घटकेला काहीही देऊ करतो. करारकायद्याचे सोळावे कलम तर आणखी स्पष्ट आहे: एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्या बलवान पक्षावर. तोरप्याला आलेला कुळवाडी शेत वाचवायला आला होता. जाताना तो आपल्या बोंगांना, सरनेच्या उपवनाला, आजापणजांच्या पूजेला मुकला. आधी बाप्तिस्मा आणि मग दावा, असे कोणी म्हणण्याची आवश्यकताच नव्हती. नाव नोंदवलेल्या गावाचे प्रकरण मिशन चालवते हे साऱ्या पंचक्रोशीला दिसत होते. गीतेने दानाचे प्रकार सांगताना परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले दान खालच्या पायरीवर ठेवले आहे. लिव्हन्सने पैशाची अपेक्षा केली नाही. पण त्याने जे स्वीकारले ते पैशाहून फार मोठे होते, आणि ते देणारा त्या वेळी ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नव्हता. जमिनीच्या दाव्यात आत्म्याचा वाटा घेणे मला व्यवसायाच्या नीतीतही बसत नाही आणि धर्माच्या नीतीतही नाही.

येथवर वाचकाची मान माझ्याबरोबर डोलली असेल. आता थोडे कडू.

‘प्रलोभन’ म्हणताना आपण त्या मुंड्याला काय समजतो? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा पुष्कळांना दुःख झाले, संतापही आला. पण त्यांच्या निर्णयाला विचाराचे अधिष्ठान होते हे आपण आज मान्य करतो. उरांव किंवा मुंडा तेच करतो तेव्हा मात्र तो भुलला, विकला गेला, असे आपण बसल्या जागी ठरवून टाकतो. शिकलेल्याला मन असते आणि रानातल्याला फक्त पोट, असा हा छुपा सिद्धांत आहे. छोटा नागपूरचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. जमिनीसाठी झगडणारे मुंडांचे सरदार आधी लूथरपंथी मिशनकडे गेले. मिशन आपला दावा पूर्णपणे उचलत नाही असे दिसताच ते दूर झाले, जेझुइटांकडे वळले. तेथेही आशा सरली तेव्हा तेथूनही निघाले. लिव्हन्स गेल्यावर त्याच्या मागून आलेल्यांपैकी पुष्कळजण परत फिरले. याला फसगत म्हणत नाहीत. वकील मनासारखा काम करीत नाही म्हणून वकीलपत्र काढून घेणारा हा अशील आहे, आणि आपल्या हिताचा विचार त्याला कळतो.

बिरसा मुंडा यांचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, ते चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनऱ्यांनी सरदारांवर केलेली टीका त्यांना सहन झाली नाही, आणि ते बाहेर पडले. मग बंदगावला एका वैष्णवाच्या सहवासात राहून त्यांनी जानवे घातले, तुळशीची पूजा केली. तेथेही ते थांबले नाहीत. १८९५ पासून त्यांनी आपल्या लोकांना स्वतःचाच मार्ग सांगितला. १८९९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी उठाव झाला. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात, पंचविशीच्या आतच, त्यांचा अंत झाला. मिशनची टोपी आणि सरकारची टोपी एकच, हे त्यांना कळले होते. जानवेही त्यांनी गळ्यात कायम ठेवले नाही, हे आपण त्यांच्या जयंतीच्या भाषणांत सहसा सांगत नाही.

मग फिर्याद करण्याचा आपला अधिकार कोणता? ‘आमचा माणूस नेला’ असे म्हणणाऱ्याने आधी तो आपला होता हे दाखवले पाहिजे. कोणत्या देवळाच्या सभामंडपात त्याला पाट मांडला होता? कोणत्या धर्मसभेने त्याच्या खुंटकट्टीसाठी एखादा मुखत्यार दिला होता? २०११ च्या जनगणनेत एकोणपन्नास लाखांहून अधिक माणसांनी आपला धर्म ‘सरना’ असा लिहिला, रकाना नसताना लिहिला. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंडच्या विधानसभेने त्यासाठी स्वतंत्र रकाना मागणारा ठराव केला. सरना ही हिंदुधर्माची शाखा आहे की स्वतंत्र धर्म, यावर विद्वानांनी वाद घालावा. पण त्या वादात प्रतिवादीचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, एवढे तर साध्या मुन्सफालाही समजते.

आपल्यातला कोणीच त्यांच्याकडे गेला नाही असे मात्र नाही. शरच्चंद्र राय हे बंगाली गृहस्थ १८९८ साली रांचीला आले, तेथे वकिली करू लागले. कोर्टात मुंडा-उरांवांची होणारी परवड पाहून ते त्यांच्या रीतिभातींच्या अभ्यासाकडे वळले; १९१२ साली मुंडांवर आणि १९१५ साली उरांवांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. त्यांचा कोणी अशील त्यांच्यामुळे देव बदलून घरी गेला नाही. आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ज्या १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याने खुंटकट्टीला प्रथम कायद्याचे बळकट कुंपण घातले, त्याच्या घडणीत जेझुइट फादर हॉफमन यांच्या टिपणाचा मोठा वाटा होता. ते कुंपण ख्रिस्ती शेताला जितके लागले तितकेच सरना मानणाऱ्याच्या शेताला. पुढच्याच वर्षी त्याच हॉफमननी काढलेल्या सहकारी पतसंस्थेच्या नावात मात्र ‘कॅथलिक’ हा शब्द होता. एकाच माणसाच्या हातून, बारा-पंधरा महिन्यांच्या अंतराने, एक मदत श्रद्धा न विचारता झाली आणि एक विचारून. मला विचाराल तर या दोन कृत्यांमधले अंतर बर्लिन आणि रांचीमधल्या अंतराहून मोठे आहे.

हे माप आपल्यालाही लावावे लागते. रमाकांत केशव देशपांडे या मराठी वकिलाने १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम काढला. शाळा, वसतिगृहे, दवाखाने असा त्याचा व्याप पुढे देशभर झाला. हे काम मिशनला उत्तर म्हणून उभे राहिले, आणि ते उभे राहिले याचे समाधान वाटणाऱ्यांत मीही आहे. पण वसतिगृहातला मुलगा संध्याकाळी कोणती प्रार्थना म्हणतो आणि ती न म्हटल्यास त्याचे पान वाढले जाते की नाही, हा प्रश्न तोरप्याला विचारायचा आणि जशपूरला विचारायचा नाही, असे करता येणार नाही.

आणि आता याच प्रांतांतून एक मागणी जोराने पुढे येत आहे. खासदार कार्तिक उरांव यांनी ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस संसदेत लावून धरली होती: जो आदिवासी ख्रिस्ती झाला त्याचे नाव अनुसूचित जमातींच्या यादीतून काढावे. सवलती मूळ समाजाच्या हाती राहाव्यात हा तिच्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. शिक्षणात पुढे गेलेले ख्रिस्ती आदिवासी नोकऱ्यांतला मोठा वाटा नेतात ही तक्रारही केवळ द्वेषाची नाही. परंतु ही यादी केवळ नोकऱ्यांची नाही. १९०८ च्या कायद्याचे सेहेचाळिसावे कलम अनुसूचित जमातीच्या रयतेची जमीन बाहेरच्याला विकू देत नाही; आज ते कलम माणसाची जमात विचारते, त्याचा देव विचारत नाही. ज्याच्या खापरपणजोबाने १८८८ साली शेत वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतला, त्याचे नाव आता यादीतून गेले तर त्याच शेतावरचे कुंपण निघते आणि पहिला सावकार बांधावर येऊन उभा राहतो. ते कुंपण परत हवे असेल तर त्याने काय करावे, असे त्याने आपल्याला विचारले, तर आपण त्याला काय सांगणार आहोत?